डोंगरी सायकलिंगसाठी आतल्या पॅडेड शॉर्टची निवड : एक आढावा

प्रश्नाचे स्वरूप

डोंगरवाटांवर सायकल चालवताना बाहेरच्या सैल, जाड कापडाच्या शॉर्टच्या आत जी अंगाला घट्ट बसणारी, पातळ कापडाची आणि बैठकीच्या जागी फोमचे पॅड शिवलेली दुसरी शॉर्ट घातली जाते, तिला सायकलींच्या दुकानांत ‘लायनर’ किंवा नुसतेच ‘पॅडेड शॉर्ट’ म्हणतात. वस्तू लहान आणि नजरेआडची असली, तरी तिच्या निवडीत शरीरशास्त्र, त्वचारोग, कापडशास्त्र, हवामान आणि लोकलज्जा असे परस्परांशी फारसा संबंध नसलेले विषय एकत्र येतात. पॅड जाड असावे की पातळ, त्याच्या आत अंतर्वस्त्र घालावे की नाही, आणि मुळात पॅडची गरज आहे की चांगल्या सीटची, याविषयी अनुभवी सायकलपटूंमध्येही एकमत नाही. शिवाय ही चर्चा मोकळेपणाने होत नाही. ‘अवघड जागी दुखणे आणि जावई वैद्य’ ही म्हण ज्या भाषेत आहे, तिच्यात ती का होत नाही हे वेगळे सांगायला नको.

प्रस्तुत आढावा या प्रश्नाकडे बालाघाट जिल्ह्याच्या अंगाने पाहतो. मध्य प्रदेशच्या आग्नेय कोपऱ्यातील हा जिल्हा गोंदियाला लागून आहे, वैनगंगा येथूनच पुढे विदर्भात उतरते, आणि सीमेलगतच्या गावांत हिंदी, पोवारी व गोंडी यांच्या जोडीने मराठीही बोलली जाते. शहराबाहेर बैहरच्या दिशेने निघालेला रस्ता घाट चढून सातपुड्याच्या मैकल रांगेतील पठारावर जातो; दोन्ही बाजूंना साल, साग आणि बांबूची जंगले, मुरमाच्या गाडीवाटा, पावसाळ्यात चिखलाचे ओढे आणि उन्हाळ्यात चाळीस अंशांपलीकडचा पारा आहे. डोंगरी सायकलसाठी अशी भूमी अनुकूल असली, तरी तिच्यावर चालवण्याच्या साहित्याची मोठी दुकाने गोंदियाच्याही पलीकडे, नागपुरात आहेत. त्यामुळे येथील ग्राहक बहुधा आकडे वाचून, फोटो पाहून, घालून न पाहताच शॉर्ट मागवतो. निवडीचे निकष आधीच समजून घेण्याची गरज त्याला पुण्या-मुंबईच्या ग्राहकाहून अधिक आहे.

पूर्वपीठिका

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपातील शर्यतपटू लोकरीच्या विणलेल्या शॉर्ट वापरत आणि त्यांच्या आत मऊ कमावलेल्या चामड्याचा तुकडा शिवलेला असे. हे चामडे मूळचे आल्प्स पर्वतातील ‘शॅम्वा’ नावाच्या रानबकरीसारख्या प्राण्याचे. त्यावरून सायकलच्या पॅडला आजही तेच नाव चिकटून आहे, जरी आजच्या पॅडमध्ये चामड्याचा लवलेशही नसतो. त्या चामड्याचा उद्देश गादी देणे हा नव्हता, तर लोकरीच्या शिवणींपासून कातडी वाचवणे आणि घाम शोषून घेणे हा होता. धुऊन वाळवल्यावर ते चामडे कडक होई, म्हणून त्याला मऊ करण्यासाठी मलम चोळावे लागे. आज जे मलम सायकलपटू त्वचेचे घर्षण कमी व्हावे म्हणून लावतात, त्याची परंपरा अशी चामडे जपण्यातून सुरू झालेली आहे. पॅडबद्दलचे अनेक आजचे गैरसमज या मूळ हेतूच्या विस्मरणातून निर्माण झाले आहेत, असे म्हणता येईल.

‘ड्यूपाँ’ कंपनीतील जोसेफ शिव्हर्स यांनी १९५८ साली स्पँडेक्स हा ताणला जाणारा धागा तयार केला, तो ‘लायक्रा’ या नावाने बाजारात आला आणि १९७०च्या दशकात सायकलच्या शॉर्टमध्ये लोकरीची जागा घेऊ लागला. पुढे चामड्याऐवजी कृत्रिम कापड आणि फोम आले. याच काळात अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, मरिन परगण्यातील डोंगरउतारांवर, जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन तरुण उतरू लागले. तेथील ‘रीपॅक’ ही उताराची शर्यत १९७६ साली सुरू झाली. डोंगरी सायकलिंगची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा १९९० साली कोलोरॅडोतील डुरँगो येथे झाली आणि १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळाला स्थान मिळाले.

रस्त्यावरील शर्यतीचा चकाकता, अंगासरशी पोशाख या नव्या मंडळींपैकी अनेकांना नको होता. काट्याकुट्यांत पडल्यावर पातळ लायक्रा टिकतही नसे. म्हणून बाहेर सैल, दणकट शॉर्ट आणि आत पॅड लावलेली घट्ट शॉर्ट अशी दोन थरांची रीत रुळली. आजही खेळाच्या दोन टोकांना दोन वेगळे पोशाख दिसतात. क्रॉस-कंट्री, म्हणजे चढ-उतारांच्या फेऱ्यांची शर्यत खेळणारे बहुधा रस्त्यावरच्यासारखीच लायक्राची, खांद्यावरून पट्टे जाणारी शॉर्ट घालतात, तर डाउनहिल म्हणजे निव्वळ उताराच्या शर्यतीत आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने घट्ट पोशाखाला मज्जावच केलेला आहे. हौशी सायकलपटू या दोन टोकांच्या मध्ये असतो आणि लायनर ही मुख्यतः त्याचीच गरज आहे.

मराठी भाषकांत सायकलिंगविषयीचा सल्ला कोठून आला, हे येथे लक्षात घ्यायला हवे. भारतात शिमल्याहून निघणारी ‘एमटीबी हिमालया’ ही डोंगरी शर्यत २००५ साली सुरू झाली असली, तरी मराठी वाचकाला सायकलवीर म्हणून जी नावे माहीत आहेत ती लांब पल्ल्याच्या रस्त्यावरची आहेत. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिका आडवी पार करणारी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही शर्यत दोघांच्या गटात पूर्ण केली. २०१७ साली लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच एकट्याने पुरी केली. आणि २०१८ साली समर्थ यांनी मॉस्को ते व्लादिवोस्तोक हे सुमारे ९,१०० किलोमीटरचे अंतर टप्प्याटप्प्यांत कापले. त्यांच्यामागे ‘ब्रेव्हे’ करणाऱ्यांची, म्हणजे २०० किलोमीटर साडेतेरा तासांत अशा ठरावीक वेळेत अंतर कापणाऱ्यांची, मोठी फळी विदर्भात आणि महाराष्ट्रात उभी राहिली. या मंडळींचा पॅडबद्दलचा अनुभव दांडगा आहे, पण तो तासन्‌तास सीटवर स्थिर बसून मिळवलेला आहे. डोंगरवाटेवर बसण्याची रीत वेगळी असते, आणि तेथूनच मतभेदांना सुरुवात होते.

बैठकीचे शरीरशास्त्र

सायकलवर सरळ बसलेल्या माणसाचे वजन ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या दोन हाडांवर येते. त्यांना शरीरशास्त्रात आसनास्थी आणि बोलीत बैठकीची हाडे म्हणतात. या दोन हाडांच्या मध्ये, गुदद्वारापासून जननेंद्रियांपर्यंत पसरलेला मऊ भाग म्हणजे मूलाधार किंवा पेरिनियम. त्यातून त्या भागाला संवेदना पुरवणारा प्युडेंडल मज्जातंतू आणि सोबतच्या रक्तवाहिन्या जातात. माणूस पुढे वाकला की वजन हाडांवरून सरकून या मऊ भागावर येते. सीटवरील सर्व तक्रारींचे तीन वर्ग करता येतात : हाडांखालच्या मांसाचे दुखणे, मज्जातंतू व रक्तवाहिन्या दबल्याने येणारा बधिरपणा, आणि त्वचेच्या तक्रारी. या तिन्हींवर पॅडचा परिणाम सारखा होत नाही, आणि बहुतेक वाद हा फरक न केल्यामुळे लांबतात.

बधिरपणाविषयी १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात बोस्टनचे मूत्ररोगतज्ज्ञ अर्विन गोल्डस्टाइन यांनी सायकल आणि पुरुषांतील लैंगिक दुर्बलता यांचा संबंध जोडल्यापासून बरेच संशोधन झाले. जर्मनीतील कोलोन येथे २००२ साली झालेल्या एका अभ्यासात निरनिराळ्या सीटांवर बसलेल्या निरोगी पुरुषांच्या जननेंद्रियाच्या त्वचेतील प्राणवायूचा दाब मोजला गेला. अरुंद पण भरपूर गादी असलेल्या सीटवर तो सुमारे ८२ टक्क्यांनी घसरला, रुंद आणि गादी नसलेल्या चामड्याच्या सीटवर सुमारे ६४ टक्क्यांनी, आणि पुढची चोच नसलेल्या रुंद सीटवर सुमारे २० टक्क्यांनीच. जाड गादी म्हणजे अधिक आराम, या सर्वसाधारण समजुतीला या आकड्यांनी धक्का दिला. मऊ गादीत हाडे रुततात आणि मधला भाग वर ढकलला जातो, हे त्याचे कारण आहे. अमेरिकेत स्टीव्हन श्रेडर आणि सहकाऱ्यांनी सायकलवर गस्त घालणाऱ्या पोलिसांना चोच नसलेली सीट सहा महिने वापरायला दिली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बधिरपणा न आलेल्यांचे प्रमाण २७ टक्क्यांवरून ८२ टक्क्यांवर गेल्याचे आढळले. मात्र चोच नसलेली सीट डोंगरवाटेवर मांड्यांनी सायकल सावरायला उपयोगी पडत नाही, म्हणून हा उपाय डोंगरी सायकलीला जसाच्या तसा लागू होत नाही.

दुसरीकडे, सॅन फ्रान्सिस्को येथील संशोधकांनी २०१८ साली अनेक देशांतील सायकलपटू, धावपटू आणि जलतरणपटूंची तुलना प्रसिद्ध केली. तीत सायकलपटूंचे लैंगिक आरोग्य इतरांहून वाईट दिसले नाही, बधिरपणा मात्र त्यांच्यात अधिक होता. एकूण वेळेच्या पाचव्या हिश्शाहून अधिक काळ पेडलवर उभे राहणाऱ्यांमध्ये तो बधिरपणा लक्षणीयरीत्या कमी होता, हे या अभ्यासातील निरीक्षण डोंगरी सायकलपटूच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे आहे. कारण खडकाळ उतारावर आणि उभ्या चढावर तो आपोआपच उभा राहतो. डोंगरी सायकलीला तिचे स्वतःचे धोके आहेतच. ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथील फर्डिनांड फ्राउशर आणि सहकाऱ्यांनी रोज कित्येक तास चालवणाऱ्या अट्टल डोंगरी सायकलपटूंची सोनोग्राफी केली असता बहुसंख्यांच्या वृषणकोशात गाठी, खडे किंवा तत्सम बदल दिसले. हे धक्क्यांचे परिणाम मानले गेले, पण अशा माणसांची संख्या हौशी मंडळींत अल्प असते.

हे सर्व संशोधन मुख्यतः सीटचे आहे, पॅडचे नव्हे. पॅडची थेट दाबमापनाने तुलना करणारे अभ्यास मोजके आहेत. इटलीतील पादुआ येथे २०१५ साली निरनिराळ्या जाडीच्या पॅडची तुलना झाली, पण तीही थोड्या आणि रस्त्यावर चालवणाऱ्या सायकलपटूंवर.

तीन भूमिका

पहिली भूमिका पॅड अनिवार्य मानणाऱ्यांची आहे. त्यांच्या मते खडबडीत वाटेवर येणारे बारीक, सततचे हादरे सीट आणि शॉक-अब्सॉर्बर दोघेही पूर्णपणे शोषू शकत नाहीत; शिवाय पॅडवरचे गुळगुळीत, शिवण नसलेले कापड घाम बाहेर ओढते आणि मांडीच्या सांध्याला शिवण घासू देत नाही. लांब पल्ल्याचे सायकलपटू बहुधा याच मताचे असतात, आणि साधी सुती चड्डी घालून पन्नास किलोमीटर गेलेल्या कोणालाही त्यांचे म्हणणे पटवून द्यावे लागत नाही.

दुसरी भूमिका सीटला प्राधान्य देते. बैठकीच्या हाडांमधील अंतर माणसागणिक बदलते, ते साधारण १०० ते १५० मिलिमीटरच्या दरम्यान असते, आणि सीट त्या अंतराला जुळत नसेल तर कितीही महाग पॅड निरुपयोगी ठरते, असे या मताचे लोक सांगतात. त्यांच्यातील काही जण, विशेषतः छोट्या फेऱ्या मारणारे आणि उतारावर खेळणारे, पॅड घालतच नाहीत. पॅड पायांमध्ये जागा अडवते, वारंवार सीटच्या मागे-पुढे सरकताना चोचीत अडकते आणि ओले झाले की जड होते, हे त्यांचे आक्षेप अनुभवाला धरून आहेत. बालाघाट परिसरात भरवेलीच्या मँगनीज खाणीवर किंवा बाजाराला जाणारे असंख्य लोक रोज साध्या सायकलवर, स्प्रिंगच्या रुंद सीटवर, कोणत्याही पॅडविना प्रवास करतात आणि त्यांची तक्रार ऐकू येत नाही, हे उदाहरणही या बाजूने देता येते. मात्र ती माणसे ताठ बसतात आणि हळू जातात, ही अट त्याला जोडूनच सांगायला हवी.

तिसरी भूमिका मधली आहे आणि सध्या बहुतेक अनुभवी डोंगरी सायकलपटू तिच्याकडे झुकलेले दिसतात. आधी सीटची रुंदी, उंची आणि कल जुळवावा, मग सीटवर प्रत्यक्ष बसून घालवल्या जाणाऱ्या वेळेनुसार पॅड निवडावे, असे ती सांगते. तासा-दीड तासाच्या फेरीला पातळ पॅड किंवा पॅड नाही, दोन-तीन तासांच्या जंगलवाटेला मध्यम पॅड, आणि दिवसभराच्या मुरमाच्या रस्त्याला जाड पॅड असा हा हिशोब आहे. लायनर स्वतंत्र असल्याने बाहेरची शॉर्ट तीच ठेवून आतली बदलता येते, हा या पद्धतीचा व्यावहारिक फायदा आहे. बाहेरच्या शॉर्टला कायमचे शिवलेले पॅड असेल तर ते शक्य होत नाही.

पॅड कशाचे

पॅड बहुधा पॉलियुरेथेन फोमचे असते आणि त्याच्या वर मऊ, ताणले जाणारे कापड असते. येथे घनता आणि मऊपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घनता म्हणजे एक घनमीटर फोमचे वजन. घनता जास्त असेल तर तोच फोम तासाभरानंतरही दबून सपाट होत नाही. बोटाने दाबल्यावर मऊ लागणारा, फुगीर, कमी घनतेचा फोम दुकानात आकर्षक वाटतो आणि पहिल्या तासानंतर हाडांखाली कागदासारखा चपटा होतो. चांगल्या पॅडमध्ये बैठकीच्या हाडांखाली घन, कडेला पातळ आणि मध्ये खोलगट किंवा छिद्रांची रचना असते. जेलच्या पॅडविषयी मत दुभंगलेले आहे. जेल हादरे शोषते असे त्याचे समर्थक म्हणतात. पण जेल वजनदार असते, हवा जाऊ देत नाही आणि उष्णता धरून ठेवते, त्यामुळे मध्य भारतातील उन्हाळ्यात त्याचे तोटे फायद्यांहून ठळक होतात.

निर्माते पॅडवर ‘दोन तास’, ‘चार तास’, ‘सहा तास’ अशी वापराची वेळ लिहितात, परंतु ती मोजण्याची सर्वमान्य कसोटी नाही; एका कंपनीचे चार तास दुसरीच्या दोन तासांइतके असू शकतात. घनतेचा आकडाही क्वचितच छापला जातो. ग्राहकाच्या हातात असलेली सर्वांत सोपी परीक्षा म्हणजे पॅड अंगठ्याने जोरात दाबून धरणे : अंगठा थेट तळाला टेकला तर ते पॅड लांबच्या फेरीसाठी नाही.

शॉर्टचे उरलेले कापडही महत्त्वाचे आहे. लायनर दुसऱ्या कापडाखाली राहणार असल्याने ते जाळीचे असावे, त्याच्या शिवणी सपाट असाव्यात, मांडीवरची पट्टी रुतणारी नसावी. कमरेला इलॅस्टिक असलेली लायनर घालायला सोपी असते, तर खांद्यावरून पट्टे जाणारी ‘बिब’ लायनर पोटावर दाब देत नाही आणि पॅड जागचे हलू देत नाही. काहींच्या पाठीवर पाण्याच्या पिशवीसाठी खिसेही असतात. उष्ण हवेत मात्र बिबचा वरचा भाग आणखी एक थर होतो आणि जंगलात लघवीला उतरायचे झाले की तो त्रासदायक ठरतो.

मापाची अडचण

लायनर अंगावर सुरकुती न पडता बसली पाहिजे. पॅड सायकलवर वाकलेल्या अवस्थेसाठी कापलेले असते. त्यामुळे उभे राहिल्यावर किंवा चालताना ते लंगोटासारखे अवजड लागते आणि ग्राहक एक माप मोठे मागवतो. ही सर्वांत सामान्य चूक आहे, कारण सैल शॉर्टमध्ये पॅड सरकते आणि ज्या घर्षणापासून वाचायचे तेच वाढवते. युरोपीय कंपन्यांचे मापांचे तक्ते कमरेवर आधारलेले असतात, पण भारतीय ग्राहकाची कंबर आणि मांडी यांचे प्रमाण त्या तक्त्याशी नेहमी जुळत नाही. म्हणून कमरेबरोबर मांडीचा घेर मोजून तक्त्याशी ताडून पाहणे आणि परत करण्याची सोय असलेल्या ठिकाणाहूनच मागवणे सुरक्षित आहे. बैठकीच्या हाडांचे अंतर घरीच मोजता येते : कडक पाटावर नालीदार पुठ्ठा ठेवून त्यावर किंचित पुढे वाकून बसायचे आणि उमटलेल्या दोन खळग्यांच्या मध्यबिंदूंमधील अंतर पट्टीने मोजायचे. सीटची रुंदी निवडताना आणि पॅडचा घट्ट भाग त्या जागी येतो की नाही हे पाहताना हा आकडा कामाला येतो.

किंमत काही शे रुपयांपासून कित्येक हजारांपर्यंत जाते. अगदी तळाच्या किमतीत फोम कमी घनतेचा असण्याची शक्यता मोठी, आणि अगदी वरच्या किमतीत मिळणारी सुधारणा नवख्याला जाणवण्याची शक्यता कमी. मध्यम किमतीच्या दोन लायनर एका महागड्या लायनरपेक्षा बऱ्या, हे मत पुढच्या भागातील कारणांमुळे या प्रदेशात अधिक लागू पडते.

घाम, पाऊस आणि त्वचा

युरोपीय आणि अमेरिकी लेखनात पॅडची चर्चा मुख्यतः दाबाभोवती फिरते. भारताच्या मध्यभागी मात्र त्वचेचा प्रश्न तेवढाच, कदाचित अधिक गंभीर आहे. घामाने भिजलेली त्वचा मऊ पडते, घासली जाते, केसांच्या मुळांत जंतू शिरतात आणि केसतोड किंवा गळू होते. सायकलपटू ज्याला सीटचा फोड म्हणतात तो बहुधा हाच असतो. त्याखेरीज जांघेतील गजकर्ण हा बुरशीचा रोग गेल्या दशकभरात भारतात मोठ्या प्रमाणावर आणि नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या रूपात पसरला आहे. त्यामागील बुरशीच्या एका प्रकाराला २०२० साली ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ असे नावही मिळाले. दुकानातून चिठ्ठीविना घेतलेल्या, स्टेरॉइड मिसळलेल्या मलमांचा सर्रास वापर हे हा रोग बळावण्याचे एक मान्य कारण आहे. अशा पार्श्वभूमीवर जांघेत दिवसभर ओले राहणारे दोन सेंटिमीटर जाडीचे पॅड घालणे ही केवळ सोयीची बाब राहत नाही.

अंतर्वस्त्राचा वाद येथेच येतो. लायनरच्या आत काहीही घालू नये, कारण सुती अंतर्वस्त्र घाम धरून ठेवते आणि त्याच्या शिवणी पॅड व त्वचा यांमध्ये घासतात, हे बहुतेक जाणकारांचे मत आहे. उलट बाजूचे म्हणणे असे की पॅड रोज धुणे शक्य नसते, अंतर्वस्त्र मात्र रोज बदलता येते, म्हणून स्वच्छतेच्या दृष्टीने तेच बरे. दोन्ही बाजूंत तथ्य असले, तरी पहिल्या मताचा भर एका अटीवर आहे : लायनर प्रत्येक वापरानंतर धुतली आणि पूर्ण वाळवली गेलीच पाहिजे. ती अट पाळता येत नसेल, तर अंतर्वस्त्राचा त्याग करण्यात शहाणपण नाही.

आणि बालाघाटच्या पावसाळ्यात ती अट पाळणे कठीण आहे. वर्षाला दीड हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या जिल्ह्यात जुलै-ऑगस्टमध्ये जाड पॅड दोन दिवसांतही आतून वाळत नाही. वरून कोरडे लागते, दाबले की ओल जाणवते. म्हणून येथे पातळ, छिद्रांचे, लवकर वाळणारे पॅड आणि आलटून-पालटून वापरायला दोन शॉर्ट हे सूत्र जाड पॅडच्या एका शॉर्टपेक्षा सरस ठरते. धुताना गरम पाणी, ब्लीच आणि कपडे मऊ करणारे द्रावण टाळावे, कारण असे द्रावण धाग्यांची घाम ओढण्याची क्षमता कमी करते. पीळ घालून पिळू नये. उलटी करून, पॅड बाहेर येईल अशी, वाऱ्यात वाळवावी. फेरी संपल्यावर चहाच्या टपरीवर तासभर ओल्या पॅडवर बसून गप्पा मारणे हे केसतोडाला आमंत्रण आहे, हे त्वचारोगतज्ज्ञांनी सांगण्याची गरज पडू नये.

मलमाविषयी मत असे की लहान फेरीला ते लागत नाही आणि मोठ्या फेरीला त्याचा उपयोग होतो. खोबरेल तेल घरोघरी असते आणि अनेक जण तेच वापरतात. त्याने घर्षण कमी होते, पण पॅडच्या कापडात मुरलेले तेल साध्या धुण्याने निघत नाही. पेट्रोलियम जेलीचे तर आणखी कठीण.

स्त्रियांचा प्रश्न

पॅडची बहुतांश परंपरा पुरुषांच्या शरीरावर बेतलेली आहे. स्त्रियांच्या बैठकीच्या हाडांमधील अंतर सरासरीने अधिक असते, म्हणून त्यांच्यासाठीचे पॅड मागे रुंद आणि पुढे आखूड असते, व मधला खोलगट भाग वेगळ्या जागी येतो. पुरुषांचीच शॉर्ट लहान मापात विकणे ही दुकानांची रीत अजून पुरती गेलेली नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्याच गटाने स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात सायकलपटू स्त्रियांचे लैंगिक आरोग्य इतर खेळाडूंहून वाईट नसले, तरी मूत्रमार्गाचा संसर्ग, बधिरपणा आणि सीटचे फोड त्यांच्यात अधिक आढळले.

लहान शहरात याला आणखी एक पैलू आहे. घट्ट लायक्रा घालून बाजारातून जाणे अनेक मुलींना शक्य वा सोयीचे नसते. अशा वेळी सैल ट्रॅक पँटच्या किंवा सलवारीच्या आत लायनर घालणे हा सुटसुटीत मार्ग आहे, आणि लायनरची उपयुक्तता येथे शर्यतपटूंपेक्षा अधिक ठळकपणे दिसते. परंतु तीच लायनर वाळवायची कोठे, हा प्रश्न उरतो. आपल्या घरांत स्त्रियांची आतली वस्त्रे दुसऱ्या कपड्याखाली, कोपऱ्यात, उन्हाआड वाळत घालण्याची सवय आहे. साध्या वस्त्राचे त्यात फारसे बिघडत नाही, जाड पॅडचे बिघडते. लवकर वाळणाऱ्या पातळ पॅडची बाजू स्त्रियांच्या बाबतीत म्हणूनच आणखी भक्कम होते. पाळीच्या दिवसांत लायनरवर सॅनिटरी नॅपकिन वापरल्यास त्याच्या कडा घासतात. टॅम्पॉन किंवा कप वापरणाऱ्यांना ही अडचण येत नाही, पण ती निवड प्रत्येकीची परिस्थिती पाहूनच होते.

अनिर्णित मुद्दे

काही गोष्टी आज बऱ्यापैकी स्थिर मानता येतात. सीटची रुंदी आणि बसण्याची ढब यांचा परिणाम पॅडच्या जाडीहून मोठा आहे. बधिरपणावर पॅड हा उपाय नाही, उभे राहणे आणि सीट बदलणे हा आहे. आणि त्वचेच्या तक्रारींवर मात्र नीट बसणाऱ्या, स्वच्छ, कोरड्या पॅडचा स्पष्ट उपयोग होतो.

याउलट, डोंगरवाटेवरच्या हादऱ्यांपैकी पॅड नेमका किती वाटा शोषते, हे प्रयोगशाळेतील स्थिर सायकलवर मोजून कळत नाही, आणि वाटेवर मोजणे अवघड आहे. जंतुरोधक म्हणून चांदीच्या कणांचा लेप दिलेल्या पॅडचा लेप किती धुण्यांपर्यंत टिकतो आणि बुरशीवर त्याचा कितपत परिणाम होतो, याबाबत निर्मात्यांचे दावे आणि स्वतंत्र पुरावा यांत अंतर आहे. फोमचे आयुष्य किती, हाही उघडा प्रश्न आहे. घाम, उष्णता आणि दमट हवा यांमुळे पॉलियुरेथेन हळूहळू ठिसूळ होते, त्यामुळे थंड देशांतील वापरावर बेतलेल्या अंदाजापेक्षा फोमचे आयुष्य येथे कमी भरण्याचीच शक्यता अधिक. भारतीय शरीरमापांवर आधारलेले पॅड बनवण्याची निकड कितपत आहे, यावर उद्योगात गंभीर विचार व्हायला हवा.

ज्याला बालाघाट किंवा गोंदियाच्या आसपास डोंगरी सायकलसाठी पहिली लायनर घ्यायची आहे, त्याच्यासाठी उपलब्ध पुराव्यावरून निघणारा निर्णय असा : आधी सीट जुळवावी, मग कमरेच्या आणि मांडीच्या मापाने, अंगाला घट्ट बसणारी, मध्यम घनतेच्या पातळ फोमची, जेल नसलेली जाळीची शॉर्ट घ्यावी, आणि पावसाळ्यापूर्वी तशीच दुसरी. फेरी संपल्यावर तासाभरात बधिरपणा गेला नाही किंवा जांघेतील खाज दोन आठवडे टिकली, तर नवे पॅड शोधण्याआधी डॉक्टरांना दाखवावे आणि औषधाच्या दुकानातील मिश्र मलम स्वतःहून लावू नये.